स्लाइड वाळेपर्यंत

पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "बाबू, तुमच्या घरी जीव किती?"

मी म्हटलं, "चार. आई, बाबा, मी आणि बहीण."

"अन् इचार किती?"

मला प्रश्न कळला नाही. नोकरी नवी, अंगात ब्रह्मपुरीच्या कॉलेजची बी.एस्सी. मुरलेली, आणि समोर खाकी शर्टातला पन्नाशीचा माणूस सायकलच्या पायडलवर एक पाय ठेवून उभा. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "कसले विचार?"

"कसले बी. बहिणीचं लगन कुठी करायचं, वोट कोनाले द्यायचं, राज्य कसं चालवायचं. चार जीवांत इचार किती निघतात?"

खोटं कशाला बोला. मी म्हटलं, "एक. बाबांचा."

"बरं," असं म्हणून त्यांनी पिशवीतून तपकिरी कव्हर घातलेली वही काढली, तीत काहीतरी टिपलं आणि सायकलवर बसून निघून गेले. हा माणूस चक्रम आहे, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. पुढे चार वर्षं त्यांच्याबरोबर काढली, तरी ते मत काही बदललं नाही. चक्रम माणसांबद्दलचा आदर तेवढा वाढला.

तेव्हा गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. ऑफिसं भाड्याच्या खोल्यांत होती. फायली चंद्रपूरहून पोत्यांत भरून यायच्या आणि कुठली कुणाची, हे पोती सोडल्यावर कळायचं. मी चामोर्शीकडच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून लागलो. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि रक्ताच्या थेंबात हिवतापाचे जंतू शोधायचे, एवढंच काम. ते थेंब गावोगाव फिरून आणणारे हे गृहस्थ. लोक त्यांना मलेरियाभाऊ म्हणायचे. आठवडाभरात मीही त्यांना भाऊ म्हणू लागलो आणि ते मला 'तू' म्हणू लागले.

भाऊंच्या वाट्याला बारा गावं होती. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, ताप कोणाला आहे ते विचारायचं, असेल त्याच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या आणि घराच्या भिंतीवर रंगवलेल्या चौकटीत तारीख टाकून सही करायची. त्या चौकटीत घराचा नंबर आणि 'जीव', म्हणजे घरातली माणसं किती, हेही लिहिलेलं असायचं. काचेच्या पट्टीला आम्ही सगळे स्लाइड म्हणायचो. आता या स्लाइडवरचा जाड थेंब वाळायला दहा मिनिटं लागतात, पावसाळ्यात अर्धा तास. तोवर तिच्यावर माशी बसू द्यायची नसते. बाकीचे कर्मचारी पुठ्ठ्यानं वारा घालून मोकळे व्हायचे. भाऊ मात्र स्लाइडवर पळसाचं पान आडवं धरायचे, सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, पायरीवर ऐसपैस बसायचे आणि घरच्या माणसाला विचारायचे, "मंग, राज्य कसं चालून राह्यलं?"

घरात कोणालाच ताप नसला की त्यांची पंचाईत व्हायची. मग एखाद्या म्हाताऱ्याचा हात धरून "अंग जरा गरम वाटून राह्यलं जी" म्हणत ते सुई काढायचेच. त्यामुळे आमच्या दवाखान्याच्या स्लाइडी भरपूर असायच्या आणि डॉक्टरसाहेब खूश असायचे. त्या तपासता तपासता माझे डोळे जायची वेळ आली होती, ती गोष्ट वेगळी.

काही घरी भाऊ आले की सपरीत खाट टाकली जायची. काही घरी टाकली जात नसे. भाऊंचे वडील छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. पोंभुर्ण्याकडच्या एका गावाच्या टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीत, भाऊ वाढले. खाट का निघत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी त्याबद्दल कधी कोणाला बोल लावला नाही. पण जिथे खाट निघत नसे तिथे ते जास्त वेळ बसायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "पायरीवर बसलं का कमर दुखते. उठाले टाइम लागते."

त्यांची पद्धत ठरलेली होती. एका घरचा विचार दुसऱ्या घरी सांगायचा, पण घर सांगायचं नाही. "एका घरी असं म्हनतात," एवढंच. स्वतःचं काही त्यात घालायचं नाही. मग त्या घरचं उत्तर घेऊन पंधरा दिवसांनी पहिल्या घरी यायचं. अशानं एकेक चर्चा चार चार महिने चालायची.

एका गावात लंगडत चालणारा एक म्हातारा होता. त्याचं म्हणणं, हे पंचायत, आमदार, खासदार सगळं झूट आहे. राज्य एकाच माणसाच्या हातात पाहिजे, पूर्वी चांद्याला राजा होता तसं. भाऊंनी हा विचार जसाच्या तसा, म्हाताऱ्याच्याच ठसक्यात, वीसेक घरी ऐकवला. एका घरातून जबाब आला, "एकच मानूस, कबूल. पन तो झोपला तं?" म्हाताऱ्यानं यावर पंधरा दिवस डोकं चालवलं. पुढच्या फेरीला तो भाऊंची वाट पाहत वेशीवरच उभा होता. म्हणाला, "त्याच्या बायकोनं उठवावं!" भाऊंनी हेही मान डोलवून टिपून घेतलं. त्याच्या पुढच्या फेरीला एका बाईचा निरोप आला, "मंग राज्य दोघाइचं झालं न." म्हातारा दोन फेऱ्या भाऊंशी बोलला नाही. तिसऱ्या फेरीला म्हणाला, "त्या बाईले सांग, इचार करून राह्यलो."

मला हसू यायचं आणि थोडा रागही यायचा. मी म्हणायचो, "भाऊ, राजा परत येणार नाही हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. सांगून टाका ना त्याला."

"मी सांगीन तं तो 'हाव, बराबर हाय' म्हनन. भाऊ सरकारी मानूस हाय म्हून हाव म्हनन. मंग त्याचा इचार कुठी राह्यला?"

आठवडी बाजाराच्या दिवशी बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीत त्यांचं दुसरंच रूप दिसायचं. दोघं जण निवडणुकीवरून हातघाईवर आले की भाऊ मध्ये पडायचे आणि दोघांना बाकावर जागा बदलायला लावायचे. मग म्हणायचे, "आता तू याचं सांग अन् तू त्याचं सांग. समोरचा 'बरोबर सांगितलं' म्हनेपर्यंत चहा नाई." लोकांना या खेळाची चटक लागली होती. एकदा दोन शिक्षक जागा बदलून इतके तावातावानं भांडले, की कोण मुळात कुठल्या बाजूचा होता हे त्यांनाच आठवेना. टपरीवाला म्हणाला, "जा आता घरी, बायकोले इचारा."

त्यांचा पेपरही आठवडाभर शिळा असायचा. टपरीवरचा पेपर ते मुद्दाम सात दिवसांनी उचलायचे. माझ्या मते तो कंजूषपणा होता. त्यांच्या मते बातमी गरम असताना माणूस नुसता ओरडतो, थंड झाल्यावर बोलतो. शिळ्या पेपरातून त्यांनी ज्या गोष्टी काढल्या त्या मला ताज्यात कधी दिसल्या नाहीत, हेही कबूल केलं पाहिजे.

वही ठेवण्यामागे एक फजिती होती. सुरुवातीला ते सगळं डोक्यात ठेवायचे. एकदा घोळ झाला आणि एका शेतकऱ्याला त्यांनी त्याचाच मागच्या महिन्याचा विचार "एका घरी असं म्हनतात" म्हणून ऐकवला. तो खवळून म्हणाला, "कोन मूर्ख म्हनते हे?" तेव्हापासून घराचा नंबर, जीव, विचार, असे रकाने आखून ते लिहून ठेवू लागले. तापाची वही वेगळी आणि विचारांची वेगळी. दोन्हींना एकाच तपकिरी कागदाचं कव्हर, कारण कागद एकदम आणला होता. विचारांची वही त्यांनी कोणाला दाखवली नाही. मी हात पुढे केला की ते ती पिशवीत टाकायचे. "तोंडानं सांगितलं तं घर समजत नाई. हिच्यात घर समजते. लोकाइले सांगितलं हाय मी, उंबरठ्याच्या बाहेर नाव जानार नाई."

त्यांचा स्वतःचा विचार काय, हे काढून घ्यायचा मी चार वर्षं प्रयत्न केला. आडून विचारलं, सरळ विचारलं, वाद घालून पाहिला. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हे तुह्यं झालं. एका घरी याच्या उलट म्हनतात." शेवटी मी नाद सोडला.

चौथ्या वर्षी त्या बारातल्या एका गावाला सरकारनं एक बोरिंग मंजूर केलं. एकच. हापसायचा पंप, त्याभोवती सिमेंटचा ओटा. तो कुठे बसवायचा, हे गावानं ठरवायचं होतं. गावाच्या चौकात तीन विहिरी होत्या, पण घरंही तिथेच जास्त. टोला खालच्या अंगाला, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, ओलांडून. टोल्याची विहीर होळीच्या आसपास आटायची. सरपंचाचं घर चौकात, घर नंबर सत्तावीस, जीव सात. बोरिंग चौकात बसणार, हे सरपंचांनी बोलूनही टाकलं होतं. माणूस वाईट नव्हता. कोणाच्याही लग्नाला, मरणाला पहिला हजर असायचा. फक्त घरात आणि गावात एकच डोकं आहे, आणि ते आपलं आहे, अशी त्यांची समजूत होती.

बोरिंग मंजूर झाल्यानंतरच्या फेरीला मी भाऊंबरोबर होतो. सरपंचांच्या सुनेला, पार्बताबाईला, ताप होता. सासरे बैल बांधायला मागे गेले होते. भाऊंनी सुई टोचली, स्लाइडवर पान धरलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. पार्बताबाई बोटावर कापूस दाबून खाली बघत होती. वर न बघता ती म्हणाली, "बोरिंग टोल्यापाशी पायजे." इतकंच. स्लाइड वाळली, आम्ही उठलो.

पुढच्या दोन महिन्यांत तो विचार भाऊंनी घरोघर नेला. "एका घरी म्हनतात, जिथी पानी कमी तिथी पहिले." काहींनी उडवून लावला. काही म्हणाले, "बात तं बरोबर हाय." एके दिवशी घर नंबर सत्तावीसच्या सपरीत बसून भाऊंनी तो खुद्द सरपंचांना ऐकवला. ते विडी विझवून म्हणाले, "जो म्हनते तो अकलेचा हाय. पन चुकला." दाराआड बांगड्या वाजल्या. मी छताकडे बघत बसलो.

आणि नेमकं तेव्हा माझ्या हातून ते झालं.

भाऊंनाच हिवताप आला. त्यांची स्लाइड मीच पाहिली, जंतू भरपूर होते. निकाल सांगितला तेव्हा दोन गोधड्यांखाली कुडकुडत म्हणाले, "माह्या घराचा नंबर लिवजो बराबर." महिनाअखेर होती. सगळ्यांच्या तापाच्या वह्या जिल्ह्याच्या ऑफिसला जायच्या होत्या. जीप दवाखान्यासमोर उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. मी भाऊंच्या खोलीवर धावलो. ते तापातच पुटपुटले, "खुंटीच्या पिशवीत हाय." पिशवीत तपकिरी कव्हरची वही वरच होती. मी ती उघडून पाहिली नाही. गठ्ठ्यात घातली आणि जीप गेली.

पंधरा दिवसांनी कागद आला. सदर कर्मचारी कामाच्या वेळात राजकीय प्रचार करीत असून नागरिकांच्या विचारांची घरनिहाय नोंद ठेवीत असल्याचे आढळून आले आहे, सबब प्रत्यक्ष गावात ग्रामस्थांसमोर वहीची पडताळणी करण्यात येईल. गावाचं नाव तेच होतं, बोरिंगचं. तारीख तिसऱ्या दिवसाची होती.

मी भाऊंसमोर जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, "भाऊ, चूक माझी आहे. मी वही उघडून पाहायला हवी होती." मला वाटलं, शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. ते अंगणातल्या दगडावर बसले. तापानं चेहरा अर्धा झालेला. मग म्हणाले, "सत्तावीस नंबरात मी काय लिवलं हाय, तुले माहीत हाय काय? सासरा, चौक. सून, टोला, बोलून दाखवत नाई. हे तो साहेब सगळ्याइपुढं वाचन."

"तुमच्या नोकरीचं काय?"

"नोकरी गेली तं बांबू तोडाले जाईन. तिनं कुठी जावं?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्यात सायकल चालवण्याइतकी ताकद नव्हती, म्हणून मी त्यांना मागे बसवून त्या गावी नेलं. वाटभर मी मनात म्हणत होतो, निदान सरपंच घरी नसू देत. सरपंच सपरीतच बसले होते आणि उठायचं नाव घेईनात. भाऊ म्हणाले, "बाईची स्लाइड परत घ्या लागते. मागचा ताप निघाला काय पाहाले." पार्बताबाई बाहेर आली. भाऊंनी सुई माझ्याकडे दिली आणि ती मी टोचली. स्लाइड पायरीवर ठेवली, भाऊंनी पान धरलं. सासरे दोन हातांवर. काय करणार आहेत, मला कळेना.

भाऊ सरपंचांकडे वळून म्हणाले, "एका घरचं सांगू काय? तिथी एका मानसानं आपला इचार एकाजवळ सांगितला, भरोशानं. त्याच्या हातून तो बाहेर गेला. उद्या चार लोकाइपुढं वाचून दाखवनार हायेत. आता त्या घरच्या मानसानं काय करावं, सरपंचभाऊ?"

सरपंचांनी जरा विचार केला. विचारलं की ते मनापासून विचार करायचे, हे मला तेव्हा प्रथम दिसलं. म्हणाले, "लपवाले कायले पायजे? दुसऱ्यानं वाचाच्या पहिले आपणच सांगून टाकावं. चोरी केली काय?"

"अन् घरचे चिडले तं?"

"चिडतीन. घरचेच हायेत न, खातीन काय?"

भाऊंनी पार्बताबाईकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "भाऊ, स्लाइड वाळली." आणि आत गेली.

चौकशीच्या दिवशी पंचायतीच्या खोलीसमोर, कडुनिंबाखाली, सगळं गाव जमलं. टोल्याचेही लोक आले आणि कडेला उभे राहिले. बाया भिंतीला लागून बसल्या होत्या. साहेब तरुण होते, इस्त्रीच्या कपड्यांत, घाम पुसत. सरपंच त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर. भाऊ एका बाजूला उभे, जणू काही त्यांचा संबंधच नाही. साहेबांनी विचारलं, "हा माणूस तुम्हाला कोणत्या पक्षाचं सांगतो?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कोणीतरी म्हणालं, "तो काहीच नाई सांगत जी. इचारते."

"काय विचारतो?"

"जे कोनी इचारत नाई ते."

साहेबांनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "घर नंबर एक. जीव पाच..."

तेवढ्यात राजा हवा म्हणणारा तो म्हातारा काठी टेकत उठला. हे गाव त्याचंच. "थांबा साहेब. माहा इचार मले येते सांगता. तुमी कायले वाचता?" आणि त्यानं राजा, राजाची बायको, सगळं सविस्तर सांगितलं. शेवटी म्हणाला, "पन आता मले वाटते, दोघाइचं बी जमत नाई. जास्त लोकं पायजे." बायांमधून कोणीतरी "हाव!" म्हणालं आणि हशा झाला. मग दुसरा उठला, तिसरा उठला. साहेब नंबर वाचायचे आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्या घरचा माणूस उभा राहायचा. कोणाला बोरिंग चौकात हवं होतं, कोणाला टोल्यापाशी, एकाला शाळेजवळ. दोन महिने भाऊंच्या तोंडून फिरत असलेलं सगळं लोक आता एकमेकांच्या तोंडावर बोलत होते. माझं लक्ष आकड्यांकडे होतं. चोवीस झाला. पंचवीस झाला.

सव्वीस चालू असतानाच पार्बताबाई उठली.

"सत्तावीस मी सांगते," ती म्हणाली. डोक्यावरचा पदर तिनं पुढे ओढला होता, पण आवाज स्वच्छ होता. "आमच्या घरी इचार दोन हायेत. मामाजीचा चौकाचा हाय. माहा टोल्याचा हाय."

सरपंच खुर्चीत पुढे सरकले. "घरी काऊन नाई बोलली?"

"घरी कोनी इचारलं नाई, मामाजी. भाऊनं इचारलं." वर तिनं जोडलं, "अन् काल तुमीच म्हनलं, आपणच सांगून टाकावं. चोरी केली काय."

सरपंचांनी भाऊंकडे पाहिलं. त्यांना सगळं एका दमात कळलेलं दिसलं. चेहरा लाल झाला. ते उठून निघून जातील, असं मला वाटलं, आणि गेले असते तर त्या बाईचं पुढे काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही. त्यांनी खुर्ची तिच्या बाजूला वळवली. मग म्हणाले, "बरं. मंग सांग. काऊन टोल्यापाशी?"

मी त्या माणसाला त्या एका प्रश्नासाठी मनात नमस्कार केला. अजूनही करतो.

ती म्हणाली, "उन्हाळ्यात टोल्याच्या बाया आपल्या विहिरीवर येतात. त्याइले दोराले हात लावू देत नाई. दूर उभ्या राहतात. मी पानी काढते अन् त्याइच्या घागरीत, गुंडात वरतून ओतते. माह्या वयाच्या बाया हायेत त्या. माह्याकडे पाहत नाई अन् मी त्याइच्याकडे पाहत नाई. मले ते नाई करायचं. त्याइचं पानी त्याइनं काढावं." बोलून झाल्यावर ती खाली बसायला लागली आणि अर्ध्यातच थांबली. "अन् भाऊ, तुमचा इचार काय हाय? तुमाले बी कोनी इचारलं नाई."

चार वर्षं मी जे काढू शकलो नाही ते तिनं सगळ्या गावासमोर विचारलं. भाऊ गडबडले. त्यांनी खिसे चाचपले, जणू उत्तर तिथे ठेवलं आहे. टोल्याचे लोक त्यांच्याकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "माह्या बापाच्या गुंडात जलमभर दुसऱ्यानंच पानी ओतलं. सत्तर वर्षाचा होऊन मेला. तुले काय वाटते, असं त्याले कोनी एकदा बी नाई इचारलं. मी बी नाई." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "बोरिंग टोल्यापाशी पायजे."

साहेबांनी वही मिटली. जाताना पार्बताबाईला त्यांनी हात जोडलेले मी पाहिले.

बोरिंगचा निकाल त्या दिवशी लागला नाही. आणखी दोन बैठका झाल्या, भांडणं झाली, एक घर सरपंचांशी बोलेनासं झालं. शेवटी टोल्याच्या तोंडाशी, बांध्या संपतात तिथे, जिथे दोन्हीकडच्यांना जाता येईल अशी जागा निघाली. ती सरपंचांनीच सुचवली. पाणी लोखंडाच्या चवीचं लागलं, पण मे महिन्यातही लागलं. भाऊंना लेखी ताकीद मिळाली, यापुढे ताप सोडून इतर कशाचीही चौकशी करू नये. शिवाय बदली, थेट सिरोंच्याकडे, जिथे निम्मी माणसं तेलुगू बोलतात. मला वाटलं, आता तरी गप्प बसतील.

वर्षभरानं मी त्यांना भेटायला सिरोंच्याला गेलो. दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी झाली. भाऊ एका तेलुगू बाईच्या पायरीवर स्लाइडवर पान धरून बसलेले सापडले. मला बघून त्यांनी पानासकट हात वर केला. जीव किती, विचार किती, एवढं ते तेलुगूत शिकले होते. उत्तरं मात्र त्यांना अजून नीट कळत नव्हती, म्हणून प्रत्येक घरी दोनदा जावं लागायचं. ताकिदीचा कागद त्यांनी नव्या वहीचं कव्हर म्हणून वापरला होता.

मी सांगितलं, "भाऊ, आमच्या घरी आता विचार दोन झाले. दिवाळीत मी बहिणीला विचारलं. ती म्हणाली, लग्न नंतर, आधी बी.एड. बाबा चार दिवस जेवताना बोलले नाहीत. पाचव्या दिवशी फॉर्म आणायला स्वतः गेले."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. खूप खूश झाले, पण दाखवलं नाही.

मग मी मुख्य गोष्ट सांगितली. येण्याआधी मी त्या गावी फवारणीच्या कामासाठी गेलो होतो. घर नंबर सत्तावीस बंद होतं, सगळे धानाच्या रोवण्याला गेलेले. भिंतीवर आपली ती चौकट होती, घर नंबर, तारीख, सही, जीव सात. तिच्या उजव्या बाजूला कोणीतरी खडूनं आणखी एक रेघ ओढून नवा रकाना पाडला होता. अक्षर सावकाश काढलेलं, नुकत्याच लिहायला लागलेल्या हाताचं. वर लिहिलं होतं 'विचार' आणि खाली तीन. बाहेरच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. भाऊ ते ऐकून हलले असतील, काही बोलतील, म्हणून मी थांबलो.

ते एकदम सरळ बसले. "तीन? सासऱ्याचा एक, सुनेचा एक. तिसरा कोनाचा?"

"ते काही मी विचारलं नाही. घर बंद होतं."

"शेजारी इचाराचं होतं!"

"सुचलं नाही."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू चार वर्षांत मी काहीच शिकलो नाही. स्लाइड वाळली होती. ती त्यांनी कागदात गुंडाळून पेटीत ठेवली, भिंतीवर सही केली, पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाले, "चामोर्शीची पहिली बस सकाळी किती वाजता हाय?"